जीवशास्त्रातील उच्च शिक्षण : खर्च किती, संधी कोणाला?

बी.एस्सी. झालेल्या मुलामुलींचे पालक आम्हांला हमखास विचारतात, "फादर, बायोटेक्नॉलॉजीत पुढे शिकवायचे तर किती लाख लागतील?" या प्रश्नाचे उत्तर दोन टप्प्यांत द्यावे लागते.

पहिला टप्पा एम.एस्सी.चा. येथे खर्च बहुधा कुटुंबालाच करावा लागतो. शासकीय विद्यापीठात शुल्क तुलनेने कमी असते, खाजगी संस्थांत ते अनेक पटींनी वाढते. म्हणून 'जॅम' व 'गॅट-बी' या प्रवेश परीक्षांची तयारी पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच करावी. 'गॅट-बी'द्वारे केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या साहाय्याने चालणाऱ्या अभ्यासक्रमांत प्रवेश मिळतो व तेथे मासिक विद्यावेतनही असते. बंगळूरूच्या आयआयएससीमध्ये बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ची सोय आहे.

दुसरा टप्पा पीएच.डी.चा. येथे चित्र उलटते. सीएसआयआर-यूजीसी नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती, म्हणजेच जेआरएफ मिळविणाऱ्यास १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये व दोन वर्षांनंतर ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. अर्थात ही रक्कम वेळेवर हाती पडत नाही, अशी तक्रार देशभरातील संशोधक विद्यार्थ्यांनी वारंवार केली आहे. शिवाय पाच-सहा वर्षे पूर्ण पगार नसतो, हा न दिसणारा खर्च गरीब घरातील थोरल्या मुलाला सर्वांत जड जातो.

मग या प्रयोगशाळांत कोण पोहोचते? १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर कमला भागवत, पुढे कमला सोहोनी, यांना केवळ स्त्री म्हणून आयआयएससीत प्रवेश नाकारण्यात आला होता. त्यांनी आग्रह सोडला नाही. प्रवेश मिळविला व १९३९ मध्ये केंब्रिजची पीएच.डी. संपादन केली. आज दार उघडे आहे, पण लग्नाच्या घाईत एम.एस्सी.वरच थांबणाऱ्या मुली आपणही पाहतो. यूजीसीच्या नियमांनुसार पीएच.डी. करणाऱ्या स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि मुदतीत दोन वर्षांची सवलत आहे. जेआरएफच्या वयोमर्यादेतही त्यांना पाच वर्षांची सूट आहे. लग्न आणि संशोधन यांपैकी एकच निवडावे, असे कुठेही लिहिलेले नाही.

अल्पसंख्याक म्हणून आपणांस एक गोष्ट ठाऊक असावी. ख्रिस्ती विद्यार्थ्यांनाही लाभणारी मौलाना आझाद राष्ट्रीय अधिछात्रवृत्ती केंद्र शासनाने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. तिच्या आशेवर आता कोणी विसंबू नये. ख्रिस्ती आदिवासींना अनुसूचित जमातीच्या सवलती मिळतात. ख्रिस्ती दलितांना मात्र १९५० च्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या मिळत नाहीत. अशा घरांतील मुलांसाठी नेट परीक्षेतील यश अधिकच मोलाचे ठरते.

कर्ज काढणे अपरिहार्यच असेल, तर २०२४ साली मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेची चौकशी करावी. निवडक उच्च गुणवत्तेच्या संस्थांत प्रवेश मिळाल्यास तारण वा जामीनदार लागत नाही. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या पात्र कुटुंबांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलतही आहे.

प्रिय पालकहो, लग्नसमारंभासाठी आपण बिनदिक्कत कर्ज काढतो. त्याआधी मुलीच्या परीक्षेचा अर्ज भरला आहे ना, एवढे अवश्य पाहावे. धर्मग्रामातील जे युवक-युवती आज संशोधन करीत आहेत, त्यांनीही धाकट्या भावंडांना मार्ग दाखवावा, अशी आमची कळकळीची विनंती आहे.