मृदुकायांच्या मुलखात (भाग 7) : समुद्राचं कूळ, घाटाचं पाणी

मागच्या भागात मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला दिसणाऱ्या समुद्री गोगलगायी पाहिल्या. आज समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे 70 किलोमीटर आत आणि जवळजवळ 1,370 मीटर वर, महाबळेश्वरला जायचं आहे. गोगलगाय मात्र समुद्राच्याच कुळातली.

क्रेम्नोकोंकस कॅरिनाटस हे तिचं शास्त्रीय नाव. आकार हरभऱ्याएवढा, रंग ओल्या दगडासारखा, त्यामुळे शेजारून शेकडो पर्यटक जातात तरी कुणाला दिसत नाही. तिचं कूळ लिटोरिनिडी. कोकणात भरतीच्या रेषेच्या वर, जिथे लाटांचे फक्त तुषार पोचतात तिथल्या कातळाला आणि खारफुटीच्या खोडांना चिकटलेले बारके शंख या कुळातले. या कुळाने खारं पाणी सोडून गोड्या पाण्यात संसार थाटल्याचं उदाहरण एकच, ते म्हणजे क्रेम्नोकोंकस ही प्रजाती. आणि ती फक्त पश्चिम घाटात आहे.

महाबळेश्वरच्या या जातीचं वर्णन लेयार्डने 1855 साली केलं आणि तिला अमेरिकेतल्या नद्यांमधल्या गोगलगायींच्या प्रजातीत टाकलं. घाटमाथ्यावर समुद्राचं कूळ शोधायचं कुणाला सुचणार! भूवैज्ञानिक ब्लॅनफर्डने 1863 मध्ये घाटातल्या अशा गोगलगायींसाठी क्रेम्नोबेटस अशी वेगळी प्रजाती केली. पण ते नाव एका माशाला आधीच दिलेलं निघालं, म्हणून 1869 मध्ये आजचं नाव आलं. पुढे जवळजवळ दीड शतक फारसं कुणी वळून पाहिलं नाही. 2013 मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमचे डेव्हिड रीड आणि आपल्याकडचे अरविंद व मध्यस्थ यांनी सगळी प्रजाती नव्याने तपासली, तेव्हा जाती नऊ झाल्या. नव्या सहाही कर्नाटकातल्या. महाराष्ट्राच्या तिन्ही ब्रिटिश काळातच नोंदलेल्या. आपल्या कड्यांवर तितक्या बारकाईने शोध झालेला नाही, असंच मला वाटतं.

समुद्राची गोगलगाय इथवर आली कशी? घाटाचा कडा हा एके काळचा समुद्रकडा असावा, अशी जुनी कल्पना होती. ती मानली तर कोडं चुटकीसरशी सुटतं, पण आजचे भूवैज्ञानिक ती मानत नाहीत. कडा झिजत झिजत मागे सरकला, असं ते सांगतात. गोगलगायीच्या सवयी मात्र किनाऱ्यावरच्याच राहिल्या आहेत. ती खोल पाण्यात उतरत नाही. धबधब्याच्या कडेला, तुषारांनी सतत भिजणाऱ्या उभ्या कातळावर ती शेवाळ खरवडत असते. पावसाळा सरला आणि कातळ वाळला की फटींमध्ये शिरते.

म्हणून शोधायचं ते जुलै ते सप्टेंबरमध्ये, आणि मुख्य धारेत नाही, तर धारेच्या बाजूच्या झिरपत्या, काळ्या-हिरव्या दगडावर. धारेखाली निसरड्यावर चढायचं धाडस करू नका. रस्त्याच्या कडेचा पाझरता कातळही पुरतो. आधी झाकण आहे का ते बघा. गोगलगाय आत शिरल्यावर शंखाचं तोंड पातळ, शिंगासारख्या झाकणाने बंद झालं, तर डबक्यातल्या बिनझाकणाच्या लिम्निया गोगलगायी बाद झाल्या. मग वेढ्यांवरची कंगोऱ्यासारखी धार शोधा. कॅरिनाटसची ओळख तीच. मात्र झिजलेल्या शंखावर ती पुसट होते, तेव्हा एका शंखावरून निकाल देऊ नका.

फोटो काढताना पहिला शत्रू पाऊस नाही, चकाकी. ओल्या कातळावर फ्लॅश थेट मारला तर शंखावर पांढरा डाग उरतो आणि नेमकी ती धार गायब होते. फ्लॅशपुढे दुधी प्लॅस्टिकचा तुकडा धरा आणि प्रकाश एका बाजूने तिरका येऊ द्या, म्हणजे कंगोऱ्याची सावली पडते. पोलरायझर असेल तर लावा. मॅक्रो लेन्सवर धुकं जमतं, म्हणून कॅमेरा पिशवीतून काढल्यावर थोडा वेळ बाहेरच्या हवेत राहू द्या. घरी आल्यावर तो सिलिका जेलच्या डब्यात ठेवा. महाबळेश्वरच्या पावसात लेन्सला बुरशी लागायला वेळ लागत नाही.

चार फोटो हवेत: वरून, बाजूने, तोंडाकडून आणि मोजपट्टी ठेवून. पाचवा सगळ्यात मोलाचा, दोन पावलं मागे येऊन काढलेला: कातळ, पाण्याची वाट, गोगलगाय धारेपासून किती दूर होती ते. या गोगलगायी कड्याकड्यांवर एकमेकींपासून तुटून राहतात, त्यामुळे ठिकाण नसलेला सुरेख फोटो अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. तोंडाचा फोटो घ्यायला शंख अलगद उचलावा लागतो. घेतल्यावर तो त्याच ओल्या जागी ठेवा. आठवण म्हणून खिशात घालू नका, आणि राखीव वनात शिरण्याआधी वनखात्याची परवानगी घ्या.

यंदाच्या पावसात महाबळेश्वर, आंबेनळी किंवा कोयनेच्या बाजूला गेलात, तर असे फोटो तारीख आणि नेमक्या जागेसह आयनॅचरलिस्टवर टाका. पुढच्या आठवड्यात आंबोलीला जाऊ, 2021 मध्ये नाव मिळालेल्या वरदिया आंबोलिएन्सिस या मृदुकायाकडे.