डिस्चार्जनंतरची सिस्टर

परळला केईएम आणि टाटा हाकेच्या अंतरावर. पण डिस्चार्ज मिळाल्यावर आजीची फाइल घरी समजावून सांगणार कोण? ही मधली जागा भरायला 1980च्या दशकात शिकागोजवळ ल्युथेरन पाद्री ग्रेंजर वेस्टबर्ग यांनी अनुभवी नर्सना थेट चर्चमध्ये आणलं. हेच पॅरिश नर्सिंग. पॅरिश म्हणजे धर्मग्राम. ही सिस्टर उपचार करत नाही. गोळ्यांच्या वेळा समजावते, डॉक्टरांना काय विचारायचं ते सांगते आणि मुख्य म्हणजे ऐकून घेते. दादरचं पोर्तुगीज चर्च असो की लालबागचं मंडळ, जिथे माणसं एकमेकांना नावानं ओळखतात, तिथे हे जमू शकतं. नर्सिंग शिकताय? मग सिनिअर सिस्टरला सोबत घ्या आणि रविवारचा एक तास द्या. नाही शिकत? शेजारच्या आजीसोबत ओपीडीच्या रांगेत तरी उभे राहा!