लाल टोपी, केशरी टोपी

टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाची आई भेटली की जाणत्या सिस्टर साखरेचा आकडा नंतर विचारतात, आधी सिरिंजची टोपी बघतात. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली बहुतेक वेळा मिलिलिटरला ४० युनिटची असते, पेनमधलं औषध १०० चं. ४० ची सिरिंज लाल टोपीची, १०० ची केशरी. दुकानात लाल संपली म्हणून केशरी घेतली आणि नेहमीसारखं दहाच्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात जेमतेम चार युनिट. १०० चं औषध लाल टोपीच्या सिरिंजमध्ये भरलं, तर दहाऐवजी पंचवीस! ही चूक जिवावर बेतते.

जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत १४ वर्षांच्या लिओनार्ड थॉम्प्सनला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी ही मुलं फार काळ जगतच नसत. आता जगतात, पण दिवसाला तीन-चार सुया घेऊन, म्हणजे वर्षाला हजाराच्या वर. त्या टोचायला सिस्टर घरी येत नाहीत. ते आईच करते. म्हणून या आजारात शुश्रूषा म्हणजे मुख्यतः शिकवणी. पुण्यात जहांगीर रुग्णालयाजवळची हिराबाई कावसजी जहांगीर वैद्यकीय संशोधन संस्था अशा मुलांसाठी काम करते.

शिकवणीतले धडे साधे वाटतात. गढूळ इन्सुलिनची बाटली खळखळा हलवायची नाही, तळव्यांत घोळवायची. फ्रीज नसेल तर बाटली माठाच्या गारव्यात, पण ओली होऊ न देता. सुई टोचायची जागा रोज बदलायची. मुलं मात्र हट्टाने जुनीच जागा पुढे करतात, कारण तिथे गाठ आलेली असते आणि दुखत नाही. अशा गाठीतून औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून सिस्टर बोटांनी चाचपून बघतात.

आणि ‘गोड खाल्लं म्हणून झालं’ हे आजीचं म्हणणं? साफ चूक. इथे शरीराची स्वतःची संरक्षक यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. तेवढं सांगितलं तरी आईच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरतं.

रक्तातली साखर ७० च्या खाली गेली, हात थरथरले, घाम फुटला, की तीन चमचे साखर पाण्यात; पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पेढा नको, त्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. साखरेची पुडी दप्तराच्या पुढच्याच कप्प्यात हवी, आणि वर्ग चालू असताना ती उघडू द्यायची, हे बाईंनाही ठाऊक हवं.