काचेवरचे बटण आणि बोटाची खात्री

खटक्याचे एखादे बॉलपेन हातात घ्या आणि डोळे मिटून खटका अगदी हळू दाबा. आधी तो अडतो, मग एकदम ढिला पडतो आणि 'कट्' असा आवाज येतो. काम झाल्याची वर्दी बोटाला तिथल्या तिथे मिळते. मोबाइलच्या काचेवर जे बटण दिसते ते नुसते चित्र. काच काही दबत नाही. मग बोटाला कळावं कसं?

त्यासाठी फोनच्या पोटात एक चिमुकले कंपनयंत्र बसवतात. बोट टेकले की ते थरथरते. पण नुसती थरथर म्हणजे खटका नव्हे. सेकंदाला 250 च्या आसपासची कंपने आपल्या कातडीला फार लवकर जाणवतात; तेव्हा कंप त्या बेताचा हवा. तो चटकन उठावा नि चटकन थांबावा. रेंगाळला तर भुणभुण वाटते. आणि उशिरा आला, तर तो आपल्याच दाबण्याचा आहे हे बोटाला पटत नाही. 2016 सालच्या आयफोन 7 चे मुख्य बटण मुळीच हलत नव्हते, तरी दाबल्यासारखे वाटे, ते ह्याच युक्तीने.

आता हेमलकशाकडे वळू. भामरागड तालुक्याच्या ह्या मुलखात माडिया बोलली जाते. निरक्षर म्हातारीने फोनवरून पैसे पाठवले आणि 'व्यवहार पूर्ण' ही अक्षरे पडद्यावर उमटली, तर तिला त्यांचा काय उपयोग? खात्री पटली नाही की ती पुन्हा बटण दाबणार, आणि पैसे दोनदा जायचे! तिला कळणारी वर्दी बोटातून नाहीतर कानातूनच यायला हवी.

पण बोटच बधिर असेल तर? हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प बाबा आमटे यांनी 1973 साली सुरू केला. त्याआधी वरोऱ्याजवळ त्यांनी आनंदवन उभे केले, ते कुष्ठरोग्यांसाठी. ह्या रोगात मज्जातंतू बिघडले की बोटाला चटका बसलेलादेखील समजत नाही. तिथे बारीकशा कंपाचा काय पाड?

ह्यावरचा तोडगा आपण मतदानाच्या वेळी पाहतोच. निळे बटण दाबले की लाल दिवा लागतो, लांब शिट्टी ऐकू येते, चिठ्ठी 7 सेकंद दिसते. अंधांसाठी बटणांशेजारी ब्रेल अंकही असतात. एक वाट बंद असली तरी दुसरी उघडी राहते. काचेवरचे बटण करणाऱ्याने खटक्याची हुबेहूब नक्कल जरूर करावी. पण जोडीला आवाज आणि उजेडही द्यावा.