ठशांची भाषा – ९ : तोर्रेहोनचा महापौर आणि रिकामे बाक

मागच्या लेखात तांब्याच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कशी कोरतात ते पाहिले. या वेळी सावलीकडे वळू, आणि त्यासाठी फ्रान्सिस्को गोयाची 'ला ताउरोमाकिया' ही चित्रमाला घेऊ. १८१६ साली माद्रिदमध्ये ती विक्रीला आली तेव्हा गोया सत्तर वर्षांचा होता आणि दोन दशकांहून अधिक काळ बहिरा. विषय बैलझुंजीचा, पण गोव्यातल्या धिर्योसारखी बैलाशी बैलाची टक्कर नव्हे, इथे बैलासमोर माणूस उभा असतो.

त्याआधी १७९० मध्ये आंतोनियो कार्निसेरोने याच खेळाची बारा रंगीत मुद्राचित्रे काढली होती. नीटस, माहितीपूर्ण चित्रे. कोणता डाव कसा खेळतात ते त्यांतून कळते, जीव मात्र दडपत नाही.

गोयाच्या मालेत तेहतीस चित्रे आहेत. सुरुवात स्पेनमधल्या प्राचीन शिकारींपासून होते, मग मूर येतात, सरदार येतात, आणि शेवटी गोयाच्या काळातले नावाजलेले खेळाडू. मला स्वतःला त्यातले एकविसावे चित्र सर्वांत थोर वाटते. माद्रिदच्या मैदानातला बैल कठडा ओलांडून प्रेक्षकांत घुसला आहे. त्याच्या शिंगांवर तोर्रेहोनच्या महापौराचा देह आडवा लोंबतो आहे. माणसांची सगळी चेंगराचेंगर चित्राच्या उजव्या भागात कोंबलेली, आणि डावीकडे जवळजवळ काहीच नाही, नुसते ओस पडलेले बाक. दुसऱ्या कुणी ती जागा पळणाऱ्या माणसांनी भरली असती. गोयाने ती मोकळी ठेवली, म्हणून क्षणापूर्वी तिथे किती गर्दी होती हे आपोआप जाणवते.

हा मोकळेपणा अॅक्वाटिंट या तंत्राने साधला. पत्र्यावर राळेची बारीक पूड पसरतात आणि खालून ऊब देतात. कण पत्र्याला चिकटतात. मग आम्ल त्या कणांच्या मधून तांबे खाते आणि शाई धरणारा खरखरीत पृष्ठभाग तयार होतो. पत्रा जितका जास्त वेळ आम्लात, तितकी छटा गडद. जिथे कागद पांढराच राहायला हवा तिथे आधी वार्निश लावून ठेवायचे. म्हणजे उजेड कुठे पडणार हे चित्रकाराला पहिल्यापासून पक्के ठाऊक असावे लागते. विसाव्या चित्रात हुआनितो आपिन्यानी काठीच्या आधाराने धावत्या बैलावरून झेपावतो, तेव्हा भोवतालचे मैदान असेच उजळ सोडलेले आहे.

तेहतिसाव्या चित्रात पेपे इयो मरतो. बैलझुंजीच्या कलेवर १७९६ मध्ये ज्याच्या नावावर ग्रंथ निघाला, तोच हा मातादोर. ११ मे १८०१ रोजी माद्रिदच्या मैदानात बैलाने त्याचा जीव घेतला. गोयाला हा खेळ मनापासून आवडायचा, तरीही मालेचा शेवट त्याने कोणत्याही विजयावर केला नाही. याच वर्षांत तो युद्धातल्या अत्याचारांचे पत्रेही कोरत होता, आणि ती चित्रे तो हयात असेपर्यंत प्रसिद्ध झाली नाहीत. बैलाखाली सापडलेला माणूस काढताना त्याचा हात वेगळा होत नाही, असे मला ठामपणे वाटते.

माला फारशी खपली नाही. गोयाने मात्र विषय सोडला नाही. १८२५ मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, फ्रान्समधल्या बोर्दो शहरात त्याने बैलझुंजीची चार मोठी चित्रे केली, आणि तीही पत्रा बाजूला ठेवून दगडावर. त्या शिळाछापांविषयी पुढच्या आठवड्यात.