ऑपरेशन झाले, उपचार सुरू आहेत

‘ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग अजून शुद्धीवर का नाहीत?’ हृदयशस्त्रक्रियेच्या दिवशी संध्याकाळी अतिदक्षता विभागाच्या दाराशी हा प्रश्न हमखास विचारला जातो. सर्जन बाहेर येऊन ‘सगळं व्यवस्थित पार पडलं’ असे सांगून गेलेले असतात. काचेतून दिसणारा आपला माणूस मात्र नळ्यांनी वेढलेला असतो. चेहरा सुजलेला, तोंडात नळी, हात कॉटला सैलसर बांधलेले. घरच्यांचा धीर सुटतो तो इथे. टेबलावरचे चार-पाच तास हा या उपचाराचा फक्त मधला भाग आहे, हे त्यांना बहुधा कोणी सांगितलेले नसते. त्याआधीचे काही आठवडे आणि नंतरचे काही दिवस तितकेच मोलाचे असतात आणि त्यात घरच्यांना करण्यासारखे बरेच काही असते.

सूज कशामुळे येते?

झडप बदलण्यासाठी छाती उघडतात तेव्हा हृदय थांबवावे लागते. तेवढा वेळ रक्ताभिसरण आणि श्वसन ही दोन्ही कामे हार्ट-लंग मशीन करते. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी ६ मे १९५३ रोजी अशा यंत्राच्या साहाय्याने हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे बायपास अनेकदा धडधडत्या हृदयावर, या यंत्राशिवायही केली जाते. पण जिथे यंत्र लागते, तिथे शरीराला त्याची किंमत मोजावी लागते.

रक्त प्लॅस्टिकच्या नळ्यांतून फिरते, तेव्हा शरीर त्याला परके आक्रमण समजते आणि सर्वांगात दाहाची प्रतिक्रिया उमटते. रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते, त्यामुळे चेहरा आणि हातपाय सुजतात. यंत्रात रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन द्यावे लागते. शेवटी त्यावर उतारा दिला, तरी रक्त गोठण्याची क्रिया सुरळीत व्हायला वेळ लागतो. थांबवलेले हृदयही लगेच पूर्ण जोमाने काम करत नाही. म्हणूनच पहिले २४ ते ४८ तास आम्ही डोळ्यांत तेल घालून बसतो.

फेब्रुवारी १९६८ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदय प्रत्यारोपण केले. त्या काळात दुसऱ्याचे हृदय बसवण्यापर्यंत मजल गेली, पण रुग्ण काही तासच जगला. शस्त्रक्रियेनंतरचे तास निभावणे हे त्या काळी किती कठीण होते, याची यावरून कल्पना येते.

काचेपलीकडे काय चालते?

तोंडातली नळी व्हेंटिलेटरची असते. अंग उबदार झाले, रक्तदाब स्थिरावला, रक्तस्राव कमी झाला आणि रुग्ण सूचना समजून हात-पाय हलवू लागला की ती काढतात. गुंतागुंत नसेल तर हे बहुधा सहा-आठ तासांत होते, कधी दुसरा दिवस उजाडतो. ती असेपर्यंत रुग्णाला बोलता येत नाही. अर्धवट शुद्धीत त्याने नळी ओढून काढू नये म्हणून हात बांधलेले असतात.

छातीतून बाहेर येणाऱ्या नळ्या साचलेले रक्त बाहेर काढतात. त्यातून किती रक्त आले, याची नोंद सिस्टर तासातासाला करतात. प्रमाण हळूहळू कमी होणे चांगले. पण भरपूर वाहणारी नळी एकदम कोरडी पडली आणि रक्तदाब घसरू लागला, तर आमच्या कपाळावर आठ्या पडतात. नळीत गुठळी अडकून रक्त हृदयाभोवती साचत असेल, तर हृदय आवळले जाते. अशा वेळी रुग्णाला तातडीने पुन्हा टेबलावर घ्यावे लागते. ‘पुन्हा आत नेलं’ याचा अर्थ दर वेळी ‘ऑपरेशन फसलं’ असा नसतो.

लघवीच्या पिशवीवरही नजर असते. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण ३० मिलिलिटर लघवी झाली, तर मूत्रपिंडांना पुरेसे रक्त मिळते आहे असे आम्ही समजतो. मधुमेह नसला तरी शस्त्रक्रियेच्या ताणाने साखर वाढते. ती १८० च्या आत ठेवण्यासाठी इन्सुलिन दिले जाते. ‘यांना शुगर नव्हती, तुम्ही इन्सुलिन का लावलं?’ या प्रश्नाचे उत्तर हे आहे.

तिसऱ्या रात्रीचा गोंधळ

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळे ठीक वाटत असताना दोन गोष्टी घरच्यांना घाबरवतात. पहिली म्हणजे हृदयाचे ठोके अचानक जलद आणि अनियमित होणे. बायपासनंतर साधारण तीन-चार जणांत एकाला हे होते. औषधांनी ते बहुधा आटोक्यात येते, पण लक्ष द्यावेच लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे भ्रम. आमच्याकडे एसटीचे एक निवृत्त चालक होते. तिसऱ्या रात्री ते कॉटवरून उतरू लागले. ‘पाचची गाडी आहे, मला डेपोत जाऊ द्या’ हाच हट्ट. ‘बाबांच्या डोक्यावर परिणाम झाला’ म्हणून मुलगी रडत होती. उतारवयातल्या रुग्णांत हा प्रकार बराच दिसतो. भूल, वेदना, झोपेचा अभाव, चोवीस तास जळणारे दिवे आणि यंत्रांचे आवाज या साऱ्यांचा तो परिणाम असतो. रक्तातले क्षार, ऑक्सिजन, जंतुसंसर्ग हे आम्ही तपासलेच. पण त्यांना सर्वात जास्त उपयोग झाला तो चष्मा आणि कानाच्या यंत्राचा. दोन्ही वस्तू घरी ठेवून आले होते. मुलीने त्या आणल्या, दिवसा थोडा वेळ जवळ बसून गप्पा मारल्या, आज कोणता वार ते सांगत राहिली. दोन दिवसांत ते ताळ्यावर आले. म्हणून रुग्णाचा चष्मा, कानाचे यंत्र आणि कवळी सोबत आणा. भेटीला मात्र एकानेच जा. दहा जण दहा वेळा आत गेले, तर सोबत जंतूही जातात.

तारीख मिळेपर्यंतचा काळ

सरकारी रुग्णालयात शस्त्रक्रियेची तारीख मिळायला अनेकदा काही आठवडे लागतात. कोणालाच हे आवडत नाही. पण हा काळ तयारीसाठी वापरता येतो.

तंबाखू पूर्ण बंद, निदान चार आठवडे आधी. विडी ओढणाऱ्याच्या फुप्फुसांत कफ साठतो आणि व्हेंटिलेटरवरून सुटका लांबते. मिश्री लावणाऱ्या अनेक स्त्रिया तिला तंबाखू समजतच नाहीत. तीही बंद. तीन चेंडूंच्या यंत्राने श्वासाचा व्यायाम आजपासूनच शिका. छाती दुखत असताना तो पहिल्यांदा शिकणे अवघड जाते.

झडपेची शस्त्रक्रिया असेल तर दात तपासून घ्या. किडक्या दातातले जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात. साखर आटोक्यात आणा, नाहीतर छातीची जखम चिघळण्याचा धोका वाढतो. हिमोग्लोबिन कमी असेल तर त्याचे कारण शोधून उपचार आधीच सुरू करता येतात.

घरातली सगळी औषधे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा, काढे-चूर्णेही. क्लोपिडोग्रेल सहसा पाच दिवस आधी थांबवतात, ॲस्पिरिन बहुधा चालू ठेवतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या तीन दिवस आधी बंद कराव्या लागतात, कारण त्यांच्यामुळे साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकते. मात्र यातले काहीही स्वतःच्या मनाने थांबवू नका. नुकताच स्टेंट बसवलेल्या रुग्णाने रक्त पातळ करणारी गोळी परस्पर बंद केली, तर ते जिवावर बेतू शकते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची कागदपत्रेही याच काळात पूर्ण करून ठेवा.

घरी गेल्यावर

छातीचे हाड तारांनी जोडलेले असते. ते सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि पूर्ण बळकट व्हायला तीन महिने. तोवर कळशी उचलणे, नातवंडाला कडेवर घेणे, दुचाकी चालवणे बंद. खोकताना उशी छातीशी घट्ट धरा. चालणे मात्र रोज थोडे थोडे वाढवायचे. ताप, जखमेतून पाणी येणे, छातीत हाडाचा कटकट आवाज, वाढती धाप किंवा दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढणे यांपैकी काहीही दिसले, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

धातूची झडप बसवलेल्यांसाठी आणखी एक गोष्ट. रक्त पातळ ठेवण्याची गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि आयएनआर या तपासणीवरून तिचा डोस ठरतो. पालेभाज्या बंद करायची गरज नाही, पण प्रमाण दर आठवड्याला साधारण सारखे ठेवा. दुकानातून वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नका. संधिवाताच्या तापाने झडपा खराब झालेल्या अनेक तरुण स्त्रिया आमच्याकडे येतात. त्यांनी दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलावे, कारण या गोळीचा गर्भावर परिणाम होऊ शकतो. पण म्हणून ती अचानक बंद केली, तर झडपेत गुठळी होते.

गावी परतलेला रुग्ण दोन-तीन महिन्यांनी ‘आता बरं वाटतंय’ म्हणून गोळी सोडतो. कधी त्याला तपासणीसाठी न्यायला घरात कोणी मोकळे नसते. मोठी शस्त्रक्रिया निभावलेला माणूस अशा वेळी गमावणे फार वाईट. म्हणून डिस्चार्जचा कागद हातात घेतानाच विचारून घ्या: पुढचा आयएनआर कोणत्या तारखेला, गावाजवळ तो कुठे होतो आणि निकाल कोणाला दाखवायचा. रुग्णाला घेऊन कोण जाणार, हे त्याच दिवशी घरात ठरवून टाका.