पित्त नव्हे, आधाशीशी

घडियाळी पोळ, वडोदरा

आपल्या संक्रांतीला इथे उत्तरायण म्हणतात. त्या दिवशी सगळी पोळ, म्हणजे आमची आळी, अगाशीवर, म्हणजे गच्चीवर असते. गच्च्या एकमेकींना चिकटलेल्या, प्रत्येकीवर भोंगा, उंधियो-जलेबीची ताटं, आणि सकाळपासून सगळ्यांच्या माना उन्हात वर, पतंगाकडे. अर्धशिशी असणाऱ्यांना हा दिवस फार जड जातो.

यंदा दुपारी शेजारच्या भाभी एकट्याच खाली उतरल्या. मी पाहायला गेले तेव्हा खिडक्या लावलेल्या, डोळ्यांवर ओढणी, उशाशी स्टीलचं तपेलं. सासूबाई कपाळाला सुंठीचा लेप लावत म्हणाल्या, ‘एसिडिटी थई गई छे.’ अर्ध्या तासापूर्वी घेतलेली दुखण्यावरची गोळी तपेल्यात जवळजवळ अख्खी पडली होती.

गुजरातीत आधाशीशी, मराठीत अर्धशिशी, शब्द एकच. पण घरात हा शब्द इथेही कोणी काढत नाही आणि आपल्याकडेही नाही. इथे ‘एसिडिटी’, आपल्याकडे ‘पित्त उसळलं’. उलटीनंतर डोकं थोडं हलकं होतं, म्हणून समज पक्का होतो. १९०७ पासून ॲलेम्बिकसारखा औषधाचा कारखाना असलेल्या या शहरातही बायका वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्यांवर दिवस काढतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मळमळ हा या दुखण्याचाच भाग आहे आणि तिच्यावर वेगळं औषध आहे.

अर्धशिशीचा झटका मेंदूत सुरू होतो, पण त्यात पोटाचं कामही मंदावतं. गोळी जठरातच पडून राहते, पुढे आतड्यात सरकत नाही, म्हणून रक्तात उतरत नाही. भाभींच्या तपेल्यातल्या गोळीचं कारण हेच. मेटोक्लोप्रमाइड आणि डोमपेरिडोन ही औषधं उलटी रोखतात आणि जठरही हलतं करतात. नॅप्रोक्सेन हे वेदनाशामक आणि डोमपेरिडोन एकत्र असलेली गोळी भारतात सर्रास लिहून दिली जाते, ती यासाठीच. ओंडानसेट्रॉन उलटी थांबवतं, पण जठराला वेग देत नाही आणि त्यानेच काहींचं डोकं दुखतं. खास अर्धशिशीवरची औषधं म्हणजे ट्रिप्टान. त्यातली जिभेवर विरघळणारी रिझाट्रिप्टानची गोळी गिळायला सोपी, एवढंच. तीही शोषली जाते आतड्यातच. उलट्या थांबतच नसतील तर दुसरं ट्रिप्टान, सुमाट्रिप्टान, नाकातल्या फवाऱ्याने किंवा इंजेक्शनने देता येतं.

वेळ मात्र गाठावी लागते. ‘आधी बघू, नाही थांबलं तर घेऊ’ ही आपली सवय इथे घात करते. डोकं ठणकायला लागताच औषध घेतलं तर ते पोटात टिकतं.

ही औषधं शेजारणीच्या डब्यातून उचलायची नाहीत. मेटोक्लोप्रमाइडने, विशेषतः तरुण वयात, मान-जबडा आखडू शकतो. युरोपच्या औषध नियामकांनी २०१३ साली मोठ्यांसाठी ते दिवसाला ३० मिलिग्रॅम आणि सलग ५ दिवस, एवढ्यावर बांधलं. डोमपेरिडोन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून हृदयविकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. ट्रिप्टान महिन्यात १० किंवा जास्त दिवस घेत राहिलं, तर औषधामुळेच डोकं दुखू लागू शकतं.

पोळीत भिंतीला भिंत असते, कुणाचं दुखणं लपत नाही. दुसऱ्याच दिवशी समोरच्या आजी, ज्यांना सगळे बा म्हणतात, भाभींना सयाजी हॉस्पिटलात घेऊन गेल्या. केसपेपर काढताना भाभी फक्त डोक्याचं सांगत होत्या. उलटीचं बांनी सांगितलं, आणि त्यावरूनच औषध बदललं. आता भाभी गोळी घेतली की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर टिंब देतात. गेल्या महिन्यात तीन टिंबं होती.

तुमच्या घरात कुणाला डोकेदुखीबरोबर ‘पित्त’ होत असेल, तर डॉक्टरांकडे जाताना उलटीचं आवर्जून सांगा. आणि डोकं एकाएकी, पूर्वी कधी नव्हे इतकं दुखलं, बोलणं अडखळलं, हात-पाय लुळा पडला किंवा तापासोबत मान ताठली, तर गोळीची वाट न पाहता थेट हॉस्पिटल गाठा.